होडीचं पोलकं

जगातलं कुठलंही दुःख योग्य कापड मिळालं तर थोडं कमी होतं, अशी माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची पक्की समजूत होती. तारापूरच्या वसाहतीत कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य काढलं, आणि माणसाच्या तोंडाआधी त्याच्या सदऱ्याकडे बघायची सवय त्यांना तिथेच लागली. नमस्कार करता करता समोरच्याची बाही दोन बोटांत धरून चोळायचे. एका लग्नात नवरीच्या शालूचा पदर असा चोळताना तिच्या आजीने त्यांना हटकलं, तर त्यांनी आजीच्याच लुगड्याची तारीफ सुरू केली. माझे वडील गेले त्या दिवशी सगळे रडत असताना भाऊजींनी त्यांच्या अंगावरच्या कोऱ्या कापडाचा काठ हळूच चिमटीत धरला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मऊ हाय. टोचायचं नाय त्यांना." त्या दिवशी मला लाभलेलं सांत्वन तेवढंच.

एसटीत बसलं तरी मळमळणाऱ्या या माणसाने होडी बांधायला घेतली, तेव्हा केळव्यात कुणाचाच विश्वास बसला नाही. पण त्यामागे ताई होती. आमचे आजोबा गलबतावर जात. समुद्रातून आपलं गाव कसं दिसतं, माडांच्या शेंड्यांची रांग आणि तिच्या मागे निळे डोंगर, हे ते तिला लहानपणी सांगत असत. ताईला सासरही गावातच मिळालं, सगळा जन्म समुद्राच्या आवाजात गेला, आणि गाव मात्र पाण्यावरून बघायचं राहिलं. कोळ्यांच्या होडीत बसायची सोय नव्हती, कारण तिला दमा होता. लुगडं ओलं राहिलं की छाती वाजायला लागे. माझ्याकडच्या एका परदेशी पुस्तकात भाऊजींना चित्र दिसलं: अरुंद होडीचं तोंड कापडाने बांधून टाकलेलं, वल्हवणारे दोघे कमरेपासून वरच दिसताहेत. सुताराने होडी एका उन्हाळ्यात करून दिली. कापड निवडण्यात पुढची कित्येक वर्षं गेली.

कारखान्यातले लोक विचारत, "मास्टरजी, नाव को ब्लाउज सिलवा रहे हो क्या?" ताईने तर त्याचं नावच होडीचं पोलकं ठेवलं. भाऊजींना त्याचं काही वाटत नसे. कुंभवलीच्या रस्त्यावर उभ्या ट्रकवर नवी ताडपत्री दिसली की ते तिचा कोपरा चोळून बघत, आणि ड्रायव्हरला चोरीचा संशय येऊन तो खाली उतरे. पारखायची रीतही त्यांची स्वतःची होती. अंगणात घमेल्याच्या तोंडावर कापड ताणून बांधायचं, आत ताईने भाजलेला पापड ठेवायचा, वरून तांब्याने पाणी मारत राहायचं आणि शेवटी पापड मोडून बघायचा. छत्रीचं कापड नापास झालं, कॅनव्हास नापास झाला. दर वेळी तो मऊ पापड भाऊजी स्वतः खात, तोही असा गंभीर होऊन की आम्हाला हसायची चोरी.

शेवटी रबराचा हात दिलेलं एक जाड कापड मिळालं. त्यातला पापड कडकन मोडला. भाऊजींनी ते स्वतः शिवलं, शिवणींवर मेणबत्ती घासली आणि अंगणातच ताईला होडीत बसवून दोऱ्या आवळल्या. ऊन वर आलं तसा रबराचा वास उठला आणि ताईचा श्वास अडकला. भाऊजींना गाठी सुटेनात. त्यांनी कोयता आणला आणि ते कापड उभं चिरलं.

नंतर ते पायरीवर बसून राहिले. "पापड तं कडक राह्यला होता," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

ताईचा श्वास जागेवर आला तेव्हा ती म्हणाली, "अवो, मी पापड नाय. भिजली तं वाळंन. मला श्वास घेता येईल असं कायतरी बांधा."

आणि तिने घरातून वाळवणं घालायचा मांजरपाट आणून त्यांच्या मांडीवर टाकला.

थंडी सरता सरता, भरतीचं पाणी आत येत असताना ते निघाले. ताई पुढे, भाऊजी मागे. मी किनाऱ्यावर उभा होतो. खाडीच्या तोंडाशी लाट कापडावरून गेली आणि मांजरपाट क्षणात ओला झाला. भाऊजींनी वल्हं टाकलं आणि मागून दोन्ही हातांनी ताईच्या कमरेभोवती ते कापड गच्च धरून ठेवलं. वल्हवायला कुणीच नाही म्हटल्यावर होडी गरकन फिरली, आणि भरती त्या दोघांना सावकाश गावाकडे आणू लागली.

ताई ओली होऊन परतली. दुपारी छाती जराशी वाजली, मग थांबली.

यंदा भाऊजी गेले. परवा ताई आपणहून त्या सकाळच्या फेरीबद्दल बोलली. पुढे बसलेल्या तिच्यासमोर सुरुवातीला सगळा समुद्रच होता. होडी फिरली तेव्हा माड दिसले, डोंगर दिसले.

"त्यांनी वल्हं धरून ठेवलं असतं," ती म्हणाली, "तं मी नुसतं पाणीच बघत राह्यली असती."