रिजेक्टकाकांचा सोनचाफा

आमच्या कॉलनीत भाजीची हातगाडी आली की भाजीवाला आधी रिजेक्टकाकांच्या फाटकाकडं बघून घ्यायचा. काका बाहेर उभे दिसले तर तो गाडी तशीच पुढं ढकलायचा. कारण काका मेथीची जुडी उचलत, उलटी करून मुळं तपासत आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "रिजेक्ट!" दूध रिजेक्ट, पेपरची घडी रिजेक्ट, गणपतीच्या मंडपाचा खांब रिजेक्ट. ताप आला म्हणून घरी बोलावलेल्या डॉक्टरांचं थर्मामीटरसुद्धा त्यांनी एकदा परत केलं होतं. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. "विमानात 'चालतंय की' चालत नाही, बाई," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की शाळेत निबंध तपासताना ते माझ्याही तोंडात यायचं.

मी मराठी शिकवायचे, म्हणून मी त्यांची 'बाई'. नव्वदच्या दशकात नाशिकला पाथर्डी फाट्याकडं नवे प्लॉट पडले, तेव्हा आमचं आणि त्यांचं घर शेजारी शेजारी उभं राहिलं. मधे कंबरेएवढी कंपाउंडची भिंत. काकू संगमेश्वरकडच्या. निवृत्तीनंतर कोकणात जाऊन राहायचं असं दोघांचं कधीतरी ठरलं होतं, आणि काकांनी त्यांना न विचारता इथं प्लॉट घेऊन टाकला. वास्तुशांतीला काकू सगळ्यांना हसून वाढत होत्या, पण चेहरा उतरलेला होता. काकांच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांनी भर पंगतीत जाहीर केलं, "तुझं कोकण मी इथं दारात आणून लावतो. बघच तू." महिन्याभरात ते सासुरवाडीला जाऊन सोनचाफ्याचं कलम एसटीत मांडीवर धरून घेऊन आले.

पहिले काही महिने कलम बरं चाललं. मग शेंड्याकडची पानं पिवळी यायला लागली. पान पिवळं आणि त्यावर शिरा तेवढ्या हिरव्या, कुणी हिरव्या शाईनं जाळं काढावं तशा. खालची जुनी पानं मात्र हिरवीगार. काकांनी पाणी वाढवलं, पिवळेपणा वाढला. युरिया घातला, झाड भराभर वाढलं आणि भराभर पिवळं झालं. कुणीतरी म्हणालं, लोह कमी पडतंय. झालं! काकांनी गंजके खिळे पुरले, तुटकी बिजागरी पुरली, सायकलची साखळी पुरली. एका सकाळी काकू आमच्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "बाई, जरा तुमचा तवा द्या. आमचा चाफ्याखाली आहे."

ते कलम गेलं. दुसरं आणलं, तेही पिवळं पडलं. तेव्हा काका पंचवटीत द्राक्षवाल्यांना खतं-औषधं विकणाऱ्या एका दुकानात गेले. तिथला दुकानदार शेतकी कॉलेजात शिकलेला, दिंडोरीकडचा माणूस. त्यानं काकांनी नेलेल्या मूठभर मातीवर आम्लाचे थेंब टाकले, तशी माती सोड्यासारखी फसफसली. "काका, तुमच्या मातीत लोखंड लय हाय," तो म्हणाला, "पण तिच्यात चुनखडीबी तेवढीच हाय. चुना लोखंडाला विरघळू देत नाय. मग झाडाला ते उचलताच येत नाय. नवं पान उपाशी राहतं."

काका घरी आले ते धुमसतच. "म्हणजे माल स्टोअरमध्ये भरलेला आहे, बाई, पण डिस्पॅच होत नाही! आणि आम्ही मूर्खासारखे स्टोअरमध्ये आणखी माल टाकतोय!" मला पटवून देण्यासाठी त्यांनी संडास धुवायचं ॲसिड आणलं आणि आमच्या दारातल्या ओट्यावर मातीचं ढेकूळ ठेवून त्यावर ओतलं. माती फसफसलीच, पण खालची शहाबादी फरशी त्याहून जास्त फसफसली. तो पांढरा डाग अजून आहे. काका डागाकडं बघून म्हणाले, "बघा, ही फरशीसुद्धा त्या चुन्याच्याच टोळीतली!"

मग हिराकसाचे, म्हणजे लोहाच्या क्षाराचे, दिवस आले. हिराकस पाण्यात विरघळवून, लिंबू पिळून त्याचा फवारा पानांवर मारायचा, असं दुकानदारानं सांगितलं होतं. थोडं घ्यायचं, ऊन उतरल्यावर मारायचं, हेही सांगितलं होतं. पण काकांना धीर कुठला? त्यांनी दुप्पट हिराकस घेतलं आणि भर दुपारी फवारलं. संध्याकाळपर्यंत पानांवर काळे चट्टे. पुढच्या वेळी मात्र अगदी सांगितल्यासारखं केलं, आणि खरंच पानं हिरवी झाली. काका मला भिंतीवरून हाका मारमारून पानं दाखवत होते. थोड्या दिवसांनी शेंड्याला नवी पालवी आली. ती पिवळीच. फवारा ज्या पानावर पडला तेवढंच पान सुधारायचं; नव्या पानाला त्याचा पत्ताच नाही. हिराकस मातीत घातलं तर चुना ते गिळून बसायचा. गंधक घालून बघितलं. त्यानं आंबटपणा येतो म्हणतात, पण आमच्या मातीत चुना इतका, की गंधक कुठं गेलं तेही कळलं नाही. वर बोअरचं पाणी. आमच्या बादल्यांना आतून जो पांढरा थर चढायचा, तोच आम्ही रोज त्या झाडाच्या मुळाशी ओतत होतो.

त्या दिवसांत काका घरात नीट बोलत नसत. सकाळी उठून आधी शेंड्याचं पान बघायचं, आणि मग त्या पानाचा राग दिवसभर चहावर, पंख्यावर, टीव्हीच्या ॲन्टेनावर काढायचा. मला कधी कधी त्यांचा वैताग यायचा. शाळेतून दमून यावं, आणि हे भिंतीला टेकून तयारच. "बाई, सांगा, यात माझं काय चुकलं?" पलीकडच्या गल्लीत बोगनवेल नुसती फोफावली होती, कण्हेर होती, डाळिंबाला फळं लागली होती. "काका, इथं जे येतं ते लावा ना," मी एकदा म्हणाले. ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी विद्यार्थ्याला कॉपी करायला सांगितलंय.

शेवटी त्यांनी अंगणात माणूस बुडेल एवढा खड्डा खणून घेतला. आतून पांढरट माती निघाली, आणि तिच्याखाली बांधकामाचा राडारोडा, गिलाव्याचे तुकडे, विटांचा चुरा. काका खड्ड्याच्या काठावर उभे राहून काम उरकून गेलेल्या बिल्डरला शिव्या घालत होते. मग एका बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं टेम्पोनं हरसूलला गेलो, लाल माती आणायला. तिकडची डोंगराळ माती कोकणासारखी, चुन्याचं नाव नाही. एका म्हाताऱ्या बाईनं आपल्या बांधावरून पोती भरू दिली. तिची हसून मुरकुंडी वळली होती. "शहरात आता माती बी सरली का?" ती सारखी विचारत होती. काकू तिच्याबरोबर हसत होत्या. काका मात्र मातीची मूठ हातात घेऊन वास घेत होते. "पास," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

त्या लाल मातीत तिसरं कलम लागलं आणि खरंच उभं राहिलं. काका गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात साठवून त्याला घालायचे. पानं अशी हिरवी, की उन्हात चमकायची. काकांनी टीव्हीला शिव्या देणं थांबवलं. काकूंचा आवाज मोकळा झाला. वर्षभर आमच्या भिंतीच्या पलीकडं चक्क शांतता होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात पिंप आटलं, बोअरचं पाणी सुरू झालं आणि चाफ्याची मुळं लाल मातीच्या बाहेर पडून पांढऱ्या मातीत शिरली. एका सकाळी शेंडा पिवळा.

त्या दिवशी मी वाटीभर साबुदाण्याची खिचडी द्यायला त्यांच्याकडं गेले होते. काका कुदळ घेऊन निघाले होते. म्हणत होते, सगळं उपटून सिमेंटचा हौद बांधतो आणि त्यात लावतो, मुळं बाहेर जातातच कशी बघतो. काकूंनी कुदळीचा दांडा धरला.

"मी मागितला होता का चाफा?" त्या म्हणाल्या.

"वास्तुशांतीच्या दिवशी तुझं तोंड बघितलं होतं मी."

"अहो, त्या गोष्टीला किती वर्षं झाली! पहिली दोन वर्षं रुसले होते मी, खरंय. मग विसरले. इथं माझी भिशी आहे, भजन आहे, गुडघ्याचा डॉक्टर आहे, या बाई आहेत. कोकणात आता कोण राहिलंय माझं? भाऊसुद्धा मुलाकडं गेला. मला चाफा नको. तुम्ही एक दिवस न चिडता जेवलेलं हवंय."

 काकांनी कुदळ भिंतीला टेकवली आणि आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी चहा केला. पहिल्यांदाच त्यांनी चहाला नावं ठेवली नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, एखादं काम आपण न विचारता करून टाकलं, आणि ते आता परत फिरवता येत नाही. मग माणसानं काय करायचं?" मला वाटलं ते खड्ड्याबद्दल बोलतायत. मी म्हणाले, "दुकानदाराला विचारून बघा ना पुन्हा."

ते खरंच गेले. दुकानदाराकडं नव्या प्रकारचं चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या द्रव्यात धरून ठेवलेलं, लोह आलं होतं. याआधी काकांनी साधं चिलेटेड वापरून बघितलं होतं. ते असल्या मातीत टिकत नसे. हे लालसर काळं, बारीक दाण्यांचं, पाण्यात टाकलं की रक्तासारखा रंग सुटायचा. हे चुन्याच्या हाती लागत नाही, लोह धरून ठेवतं आणि मुळापर्यंत पोचवतं, असं तो म्हणाला. काकांनी ते त्यानं सांगितलं तेवढंच, मुळांपाशी, पाण्यातून दिलं. आणि या वेळी नवी पालवी हिरवी आली. मी टाळ्या वाजवल्या. काकांनी पान उलटं-सुलटं करून बघितलं. "पण दर हंगामाला द्यावं लागणार," ते म्हणाले. "हा इलाज नव्हे, बाई. ही नोकरी झाली."

ती नोकरी त्यांनी मनापासून केली, कुरकुरत केली. चाफा गच्चीच्या वर गेला. एखादा हप्ता चुकला की शेंडा पिवळा पडून त्यांना लगेच कळवायचा. फुलं आली ती कधीच ढिगानं आली नाहीत. संगमेश्वरला म्हणे टोपल्या भरतात. आमच्याकडं ओंजळ भरली तरी सण. काकू त्यातली दोन फुलं रोज भिंतीवर माझ्यासाठी ठेवायच्या. मी ती शाळेत नेली की शिक्षकांच्या खोलीत दिवसभर वास राहायचा. काकांना विचारलं तर म्हणायचे, "वास कमी आहे." पण हे म्हणताना फूल त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचं.

पुढं काकांना हृदयाचा त्रास सुरू झाला आणि पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीनं दोघांना आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. घर विकायचं ठरलं. काकू त्या दिवशी ओक्साबोक्शी रडल्या, कॉलनीतल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडल्या. काका फाटकाच्या कड्या तपासत राहिले. ते घर ज्यानं घेतलं त्यानं वर्षभर काहीच केलं नाही, म्हणून मी भिंतीवरून चाफ्याला लोह देत होते. दर थोड्या दिवसांनी पुण्याहून फोन यायचा. प्रकृती कशी, मुलं कशी, असलं काही नाही. "शेंडा कसा आहे?" एवढंच.

मग जेसीबी आला. घर पडलं, त्याच दुपारी चाफाही पडला. तिथं आता चार मजली इमारत आहे. मी त्यांना फोन केला आणि सरळ सांगून टाकलं. या माणसाला गोल गोल सांगून चालत नसे.

 मला वाटलं, आता बिल्डरची, जेसीबीची, सगळ्या नाशिकची उलटतपासणी होणार. पण काका हळू आवाजात म्हणाले, "मुळं बघितलीत का, बाई? कुठपर्यंत गेली होती?"

मी बघितली होती. खोदलेल्या चरात उतरून बघितली होती. "लाल माती तर केव्हाच मागं पडली होती, काका. पार चुनखडीत उतरली होती, हाताएवढी जाड. आणि आमच्या भिंतीखालून इकडं अंगणात आली होती."

"तुमच्या अंगणात?"

"हो. ओट्यापर्यंत."

 मग रिसीव्हर कुणीतरी हातातून घेतल्याचा आवाज आला आणि काकू बोलायला लागल्या. "बाई, चष्मा काढून बसलेत हे. काय सांगितलंत तुम्ही? थांबा, पाणी देते त्यांना आणि मी करते परत फोन."