अक्काला विचारलेला प्रश्न

"मोठ्यानं विचार. मला ऐकू आलं पाहिजे."

डॉक्टरसाहेब शाळेच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मी खाली, फरशीवर. समोर माझी सख्खी थोरली बहीण, अक्का, आणि तिच्यामागे आमच्या वस्तीतल्या बायकांची रांग. प्रश्न होता, आजवर किती पुरुषांशी संबंध आला?

अक्का नवऱ्याचं नावसुद्धा तोंडातून काढत नसे. रेशनच्या दुकानातही शेजारणीला सांगायला लावायची. तिला मी विचारलं. मोठ्यानं.

साहेब हसले. "तुमच्या वस्तीत एकावर भागत नसेल. आठवू दे तिला." शाळेचे मास्तर हसले. मीही हसले. नोकरी नवीन होती.

अक्का माझ्याकडे बघत म्हणाली, "तू इचारतीस व्हय गं मला हे?" पदर ओढून उठली आणि तपासणी न करताच घरी गेली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूच्या संसर्गातून होतो, त्यावर साहेबांचं संशोधन चाललं होतं. साहेब राहायला हुबळीच्या देशपांडे नगरात, काम धारवाडच्या पलीकडं अळणावरकडच्या खेड्यांत. बायका माझ्याशी बोलतात म्हणून मला घेतलेलं. धारवाडला शिकवताना त्यांनीच सांगितलं होतं, बाईनं जन्मभर एकच नवरा केला तरी नवऱ्याकडून हा विषाणू येतो. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मलाही. तरी हसलो.

तपासणीला चल म्हणायला मी पुन्हा अक्काकडे जायला हवं होतं. कुठल्या तोंडानं जाणार?

पुढं तिला अंगावरून जायला लागलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. असल्या गोष्टी ऐकायची नोकरी तर मीच करत होते. हुबळीला नेलं तेव्हा हाताबाहेर गेलं होतं. खाटेशी बसून मी माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "ह्यांना बी इचारलं का?"

एकाही गड्याला, कुणाच्याच नवऱ्याला, आम्ही विचारलं नव्हतं.

अक्का गेली. साहेब म्हणाले, "वेळेवर तपासणी केली असती तर वाचली असती. तुमच्या बायकांना कळतच नाही." आणि पुढच्या गावाचं काम माझ्या हातात द्यायला लागले.

मी घेतलं नाही. मी म्हणाले, "तिला कळत होतं, साहेब. आपण तिला हाकललं. आधी गड्यांना विचारा. बायकांना विचारायचं तर दार लावून. नाहीतर मी यायची नाही."

"दुसरी मिळेल."

"मिळू दे."

नोकरी गेली. तेव्हापासून बायकांना तपासणीला मीच नेते. पाप फिटावं म्हणून नव्हे. ते फिटायचं नाही, आणि फिटूही नये.

अक्का जाऊन वर्ष सरायच्या आत दाजींचं दुसरं लग्न ठरलं. मी सांगितलं, मुलीच्या घरी जाऊन अक्का कशानं गेली ते सांगणार. दाजी दारात आडवे आले. "गेलीस तर ह्या घराशी तुझं नातं संपलं."

मी चप्पल घातली. त्या मुलीच्या गावाला गेले, तिला आणि तिच्या आईला समोर बसवून सगळं सांगितलं. असं लग्न ठरलं की अजूनही मुलीच्या घरी जाऊन सांगते. कुणाचं लग्न मोडलं तर मोडू दे.