भट्टीवरची दहावी

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी एक छोटी पुस्तिका काढायचं ठरलं. मी आता स्वतः शिक्षिका आहे, म्हणून शाळेच्या दिवसांवर चार पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. "गोड आठवणी लिहा हं बाई," असा निरोपही आला. मी लिहून दिलं. ते परत आलं. वीटभट्टी, माशांची पाटी हे सगळं कशाला, सहलीचं लिहा, स्नेहसंमेलनाचं लिहा, असं म्हणणं होतं. मी सहलीचं लिहिणार नाही. माझ्या शाळेच्या दिवसांतलं सगळ्यांत गोड जे आहे ते हेच आहे, आणि आता ते मी इथे अख्खं लिहिते.

मी पनवेलजवळच्या कोन गावची. सातवीपर्यंत गावातच शिकले, आठवीपासून पनवेलला एसटीने जायला लागले. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या बाईंनी भूगोलाची वही मागितली. मी उभी राहून म्हणाले, "बाई, मी नाय आनली." वर्ग हसला. बाईंनीही हसू लपवलं नाही.

"नाय आनली नाही. नाही आणली. म्हण परत."

मी दप्तरात वही शोधल्यासारखं करू लागले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, तिच्याकडं नाय हाय तर नाय हाय. यात हसन्यासारखं काय?"

तिला वर्गाबाहेर उभं केलं. मी दप्तर उचललं आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मला कोणी जा म्हटलं नव्हतं. बाई आतून "तुला कोणी सांगितलं?" म्हणून ओरडल्या, पण मी हलले नाही. माझ्या आयुष्यातली ती पहिली आगाऊगिरी. भीती वाटत होती आणि मजाही.

ती मुलगी उरणच्या खाडीकाठची कोळ्याची. आई पनवेलच्या बाजारात मासे विकायची, म्हणून घर इथेच भाड्याने घेतलेलं. मुलं तिला खाडीवाली म्हणायची. मधल्या सुट्टीत आमच्याजवळ तिसरी एक मुलगी आली, बारीक, काळीभोर, फार कमी बोलणारी. ती डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासी वाडीतून चालत सडकेपर्यंत यायची आणि तिथून एसटी धरायची. तिने पानात गुंडाळलेल्या भाजलेल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आमच्यापुढे ठेवल्या. "शेताच्या बांधावर धरल्या. खा," एवढंच बोलली. तिला मुलं वाडीवाली म्हणायची आणि मला गाववाली. ही नावं चिडवायला ठेवलेली होती. आम्ही तीच एकमेकींना हाक मारायला घेतली, मग चिडवणाऱ्यांची पंचाईत झाली.

पुढे शाळेत सूचना लागली की डब्यात मासे आणू नयेत, वास येतो. आम्ही गच्चीच्या जिन्यात बसून सुकट-भाकरी खायला लागलो. तीन वर्षं त्या जिन्यात काय काय झालं! खाडीवालीने सगळ्या शिक्षकांच्या नकला केल्या. वाडीवाली पक्ष्यांचे आवाज काढायची, इतके हुबेहूब की एकदा शिपाईकाका गच्चीवर पक्षी शोधायला गेले. गणित मला जमायचं, इतिहास खाडीवालीला गोष्टीसारखा पाठ होता. आणि वाडीवालीची स्मरणशक्ती अशी की धडा एकदा ऐकला की पुरे. तिच्याकडे पुस्तकं नेहमी अर्धीच असायची.

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही.

तिच्या वाडीतली बहुतेक माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायची ती पावसाच्या तोंडावर परतायची, हे आम्हाला माहीत होतं. आठवी-नववीत ती वाडीतच मामाच्या घरी राहिली म्हणून शाळा चालू राहिली होती. त्या वर्षी मामाही गेला. बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा वर्गात तिचं नाव पुकारलं, कोणी उत्तर दिलं नाही, आणि बाई पुढच्या नावाकडे गेल्या. मला अजून ती पुढे सरकलेली पेन्सिल आठवते.

आम्ही दोघी रविवारी तिच्या वाडीवर गेलो. झोपड्यांची दारं बांधलेली. एका म्हातारबाबांनी सांगितलं, "कोनच्या पल्याड, नदीच्या अंगाला भट्टी हाय, तिथं गेली सगळी."

कोनच्या पल्याड म्हणजे माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं. दीड महिना ती तिथे होती आणि मी रोज तिची एसटीत वाट बघत होते.

आम्ही तिथून सरळ भट्टीवर गेलो. ती चिखलात उकिडवी बसून साच्यात माती दाबत होती. आम्हाला पाहिलं तरी उठली नाही. मी चिडले.

"इतक्या जवळ होतीस, मला कळवायचं तरी! लपून का बसलीस?"

तिने साचा उलटा केला, वीट मोकळी केली आणि मग मान वर केली. "मी लपली नाय. रस्त्याच्या कडेला बसलीय उघड्यावर. मला कोनी हुडकली नाय."

खाडीवालीने चपला काढल्या आणि तिच्यासमोर चिखलात बसली. "आता हुडकली ना? बोल, परीक्षा देनार का?"

"देनार," ती म्हणाली. तिने विचार करायलाही वेळ घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मुख्याध्यापकांकडे गेलो. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण नियम म्हटला की त्यांना माणूस दिसायचा नाही. "हजेरी पूर्ण होत नाही. फॉर्म जाणार नाही. तिला सांगा, पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बस." पुढच्या वर्षी ती भट्टीवरच असणार, हे आम्ही सांगितलं. ते म्हणाले, "त्याला मी काय करू?" आम्ही त्यांच्या दारासमोर फरशीवर बसलो. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. शिपाईकाकांनी हळूच पाणी आणून दिलं. शाळा सुटल्यावर सरांनी आम्हाला घरी पाठवलं आणि म्हणाले, "उद्या पालकांना घेऊन या."

माझे वडील डंपर चालवायचे, त्यांना रजा मिळेना. खाडीवालीची आई, आमच्या मावशी, मात्र आल्या. बाजारातून थेट, डोक्यावर पाटी घेऊन. सोबत वाडीवाली आणि तिचे वडील. त्यांना आम्ही सकाळीच भट्टीवरून आणलं होतं. मावशींनी पाटी मुख्याध्यापकांच्या टेबलाशेजारी उतरवली आणि पदराने तोंड पुसत खुर्चीवर बसल्या.

सरांनी नाकाला रुमाल लावला. "मावशी, पाटी बाहेर ठेवा."

"बाहेर मांजरं हायत सर. तुमच्या शालेत मांजरं लय. पोरगी हुशार हाय का नाय, तेवढं सांगा."

"हुशार आहे हो, पण नियम..."

"हुशार हाय ना? मंग नियम जरा मीठ लावून ठेवा आनि फारम भरा."

"असं करता येत नाही."

"मंग मी बसलेय. माजे बोंबील खराब व्हतील, व्हऊ दे. तुमच्या हापिसातच व्हतील."

मावशी खरंच बसून राहिल्या. पंखा चालू होता, त्यामुळे वास सगळीकडे पोचला. शेजारच्या खोलीतले शिक्षक एकेक करून डोकावून गेले. वाडीवालीचे वडील भिंतीला टेकून उभे होते. सांगूनही खुर्चीवर बसेनात. अर्ध्या तासाने सरांनी कपाटातून फाइल काढली.

"अनुपस्थितीला सबळ कारण असेल तर मी शिफारस लिहू शकतो," ते पुटपुटले. मग पेनाचं टोपण काढून म्हणाले, "कारण काय लिहू? आजारपण लिहितो. त्याला कोणी हरकत घेत नाही."

आम्ही दोघींनी सुटकेचा निःश्वास टाकला. झालं एकदाचं. आणि तेवढ्यात वाडीवाली बोलली.

"मी आजारी नव्हते सर."

"अगं, नुसतं लिहायचं असतं."

"मंग जे हाय तेच लिवा. मी विटा पाडत व्हते."

खाडीवालीने मला चिमटा काढला, गप्प बसव तिला म्हणून. हातात आलेला फॉर्म ही घालवते की काय! सर तिच्याकडे पाहत राहिले. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. तीन वर्षांत तिला कोणत्याही शिक्षकाच्या डोळ्याला डोळा भिडवताना मी पाहिलं नव्हतं. शेवटी सरांनी मान खाली घातली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: पालकांसोबत वीटभट्टीवर कामासाठी स्थलांतर. सही केली, शिक्का मारला. तिच्या वडिलांनी अंगठा उठवला. जाताना मावशींनी पाटीतले चार बोंबील काढून टेबलावरच्या वर्तमानपत्रावर ठेवले. सर नको नको म्हणत होते, पण त्यांनी ते पुडीत बांधून घेतलेले मी दारातून बघितले.

मग तीन महिने आम्ही अभ्यास केला तो भट्टीवर. ती विटा पाडायची, मी शेजारी बसून धडे वाचायचे. भूमितीची आकृती समजावायला कागद लागायचा नाही. ओल्या विटेवर काडीने त्रिकोण काढायचा. मुकादम ओरडायचा, "माल खराब करू नका!" वाडीवाली त्रिकोण असलेली वीट मुद्दाम चांगल्या विटांच्या मधोमध लावायची. पनवेलजवळच्या उलव्यात तेव्हा इमारतींमागून इमारती उठत होत्या, विटा तिकडेच जायच्या. तिथल्या कुणाच्या तरी भिंतीत गिलाव्याखाली आमची भूमिती आहे.

परीक्षेच्या दिवसांत ती माझ्या घरी राहायला आली. इथे मला माझ्या घराचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर बाकीच्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. पहिल्या संध्याकाळी आईने आम्हाला दोघींना वाढलं, तेव्हा माझं ताट नेहमीचं होतं आणि तिच्यापुढे जुनं, चेपलेलं, गोठ्याजवळ ठेवलेलं असायचं ते. तिने ते पाहिलं आणि मुकाट्याने भाताला हात घातला. मी माझं ताट तिच्यापुढे सरकवलं आणि तिचं माझ्याकडे ओढलं. आई म्हणाली, "गो, ते नको घेऊस." मी म्हटलं, "का? काय हाय त्यात?" आई चुलीकडे वळली. दुसऱ्या दिवशी मी परत तेच केलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही ताटं सारखी होती, आणि इंग्रजीच्या पेपरच्या सकाळी आई तिच्या केसांना तेल लावून वेणी घालत बसली होती. माफी वगैरे कोणी मागितली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही.

निकाल लागला. खाडीवाली पास, मी पास, वाडीवाली बीजगणितात सहा मार्कांनी नापास. आमच्या ओळखीच्या लोकांना फार समाधान झालं. "एवढा तमाशा करून काय मिळवलं?" असं मला तोंडावर विचारलं गेलं. ती पुरवणी परीक्षेला बसली आणि पास झाली, त्याची मात्र कोणी चौकशी केली नाही.

अजूनही तो प्रश्न येतोच. मेळाव्याच्या ग्रुपवर कोणी डॉक्टर आहे, कोणी परदेशात. वाडीवाली वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. तेवढंच का, असं लोकांना वाटतं. हो, तेवढंच. तिच्या वाडीत आता कुणीही न वाचलेल्या कागदावर अंगठा देत नाही. ती आधी वाचते, मोठ्याने, सगळ्यांसमोर. मुकादम तिला वचकून असतात. खाडीवाली आईच्या जागेवर बाजारात बसते, गिऱ्हाइकांना फोनवर ताज्या माशांचे फोटो पाठवते, आणि "शिकून शेवटी मासेच विकतेस?" म्हणणाऱ्याला शिळी सुरमई ताजी म्हणून देत नाही, एवढाच तिचा मोठेपणा. बाकी तोंडाने जे द्यायचं ते देते.

आणि मी पनवेलच्याच एका शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीनंतर माझ्या सहावीच्या वर्गातली सहा मुलं भट्टीवर गेली. आमच्या मोठ्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "नावं कमी करून टाका. उगाच वर्गाची हजेरी खाली दिसते. तुम्ही नवीन आहात, तुम्हाला त्रास होईल."

"नावं राहतील," मी म्हटलं.

"वरून विचारणा झाली तर?"

"मला विचारायला सांगा."

त्यांना ते आवडलं नाही. स्टाफरूममध्ये आता मला समाजसेविका म्हणतात. म्हणू देत, मला टोपणनावांची सवय आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी रिक्षाने भट्टीवर जाते. वाडीवाली सडकेवर येऊन थांबते, कारण तिथल्या आया माझ्यापेक्षा तिचं ऐकतात. परवा मालक समोर आला. "बाई, इथं शाळा भरवायची नाय, कामाचा खोळंबा होतो." वाडीवाली त्याला म्हणाली, "तुमी तुमचं काम करा शेठ, आमी आमचं करतो." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फळा झाडाला टेकवला.

सहापैकी चार मुलं आली. पाचव्या मुलाला ताप होता. उरलेली एक मुलगी चुलीपुढे बसलेली, तिची आई म्हणाली, "तिच्या भाकऱ्या व्हायच्यात अजून. वीसेक तरी हायत."

वाडीवालीने बाह्या वर केल्या आणि परातीपुढे बसली. मीही बसले. माझ्या भाकरीला चिरा पडल्या, तशी ती पोरगी तोंडावर हात धरून खुदकन हसली. वीस भाकऱ्या झाल्या, मग त्या पोरीने हात धुतले आणि वही उघडली.