पत्त्यावरची पट्टी

शशिकांत खेडकरांनी चौतीस वर्षं जबलपूरच्या एका कारखान्याच्या फाटकावर काढली. कार्ड नसेल तर सख्ख्या भावालाही आत सोडलं नाही, हे ते अजून मिशीवर हात फिरवत सांगतात. अशा माणसाच्या गळ्यात मराठी मंडळाने सहलीचं काम घातलं, आणि त्यांनी सगळ्यांची आधार कार्डं मागवली.

विनताची झेरॉक्स पाहून मात्र त्यांचा पारा चढला. ही जबलपूरच्याच मदन महल भागात शिकवण्या घेते. नवऱ्याला सोडून दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आलेली. झेरॉक्स काढताना तिने कार्डावरच्या इथल्या नव्या पत्त्यावर कागदाची पट्टी ठेवली होती.

"काका, हॉटेलात मीच दाखवीन नं कार्ड. तुम्हाला पत्ता काहून पाहिजे?"

"झाकलेलं कार्ड फाटकावर चालत नाही, बेटा."

तिने मूळ कार्ड पुढे केलं. "मंडळाच्या ग्रुपवर नका टाकू बरं," एवढंच म्हणाली.

शशिकांतरावांनी फोटो काढला आणि बाकीच्यांच्या कार्डांसोबत ग्रुपवर टाकला. त्यात दुष्टपणा नव्हता, जुनी खोड होती. यादी चारचौघांना दिसेल अशी भिंतीवर चिकटवायची, म्हणजे चुका कळतात. आता भिंतीच्या जागी एकशेदहा माणसांचा ग्रुप होता, एवढंच.

आठ-दहा दिवसांनी विनता पाकीट घेऊन आली. वर घर नंबरासकट तिचा पत्ता, नवऱ्याच्या अक्षरात. आत एकच ओळ: रविवारी न्यायला येतो.

"कोणीतरी पुढे धाडलं असेल, काका," ती म्हणाली. रागावली नाही, तेच त्यांना सोसवेना. त्यांनी ग्रुपवरची सगळी कार्डं पुसली, पण सुटलेला बाण थोडाच परत येतो? आपण जन्मभर कारखान्याचं लोखंड राखलं आणि एका पोरीचं दार उघडं टाकलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

रविवारी सकाळीच ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन विनताच्या फाटकाशी बसले. अकराच्या सुमारास तो आला. कोणी विचारायच्या आत त्याने खिशातून कार्ड काढलं.

"नवरा आहे मी तिचा. हे बघा, नाव, फोटो, सगळं आहे."

शशिकांतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कार्ड न बघता परत केलं.

"तुम्ही कोण ते कळलं, साहेब. आत सोडायचं का, ते तिला विचारून येतो."

ते जिना चढून गेले आणि सावकाश उतरले.

"नाही म्हणाली," त्यांनी सांगितलं, आणि फाटकाला कडी घातली.