शरणप्पामामांच्या मागावरचे बारा टॉवेल

त्या टॉवेलांत खोट नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना मला स्वतःला सावरून घ्यायला जागा राहणार नाही. शारजातल्या एका गोदामात सोलापूरहून आलेले बारा पांढरे टर्किश टॉवेल मी टेबलावर पसरले आणि रफूच्या सुईने त्यांचे धागे ओढले. टर्किश टॉवेलच्या अंगावर जे बारीक फासे असतात त्यांना आम्ही लूप म्हणतो. एक लूप ओढला की शेजारचे दोन आत जातात आणि टॉवेल खाज सुटलेल्या कुत्र्यासारखा दिसायला लागतो. मग मी फोटो काढले आणि रिपोर्टवर ‘रिजेक्ट’ लिहिलं. रागाच्या भरात केलं असतं तर गोष्ट वेगळी. मी चहा पिऊन, हात धुऊन, दुपारच्या सुट्टीत केलं, आणि करताना मला फार बरं वाटलं.

सोलापूर सोडलं त्या दिवशी स्टेशनवर आई आणि अण्णा दोघंच आले होते. आईने शेंगाची चटणी आणि कडक भाकरी एवढ्या दिल्या होत्या की बॅगेची चेन लागेना. ती सारखी एकच म्हणत होती, “पोचलास की फोन कर.” गाडी हलायला लागली तेव्हा अण्णा पुढे झाले. मग खिडकीशी येऊन म्हणाले, “तितं कुणी इचारलं कुठला, तर सोलापूर सांग. लाजू नगंस.” मला हसू आलं. कारण त्या घडीला सोलापूरचा मला इतका तिटकारा आला होता की परत कधी तोंड दाखवायचं नाही असं मी ठरवलं होतं. दाखवलंच, तर एका माणसाला रडवायलाच येईन.

तो माणूस म्हणजे अण्णांचे मालक.

आम्ही मूळचे वळसंगचे. अण्णा लग्नानंतर शहरात आले आणि टॉवेलच्या कारखान्यात जॉबर झाले. माग बिघडला की तो उघडून ठीक करायचा, हे जॉबरचं काम. बावीस वर्षं त्यांनी त्याच शेडमध्ये काढली. पंधरा ऑगस्टला मागांचा खडखडाट बंद असायचा, पण मालक सगळ्यांना बायकापोरांसकट बोलवायचे. शेडसमोर झेंडा लागायचा, राष्ट्रगीत व्हायचं, आणि मग मालकांचं भाषण. “आपला टॉवेल फॉरेनला जातो,” ते दरवर्षी सांगायचे. “फॉरेनचा माणूस सकाळी तोंड पुसतो, तेव्हा त्याला इंडिया कळतो.”

अण्णांचे दोस्त शरणप्पामामा माझ्या कानाशी लागायचे. मामा दुधनीचे, कन्नड घरातले, टर्किशच्या मागावर त्यांच्याइतका हात कुणाचा नव्हता. मला ते तम्मा म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. “तम्मा, एवढी टॉवेलं लागत्यात म्हंजे ती लोकं कामाला कवा जात्यात? दिसभर तोंडच पुसत बसत असतील की.”

माझा टेक्स्टाईलचा डिप्लोमा पुरा झाला त्या वर्षीची गोष्ट. झेंडा झाला, बुंदीचे पुडे वाटून झाले, आणि मालकांनी फाटक लावायला सांगितलं. आदल्या दिवशी बांधलेल्या एक्सपोर्टच्या गठ्ठ्यात एक टॉवेल कमी भरला होता. सगळ्यांच्या पिशव्या बघायच्या होत्या. अण्णांच्या पिशवीत एक टॉवेल निघाला. मागाचं तेल पुसून पुसून पिवळा पडलेला, कडेने फाटलेला. आई तो धुवायला घरी मागायची. मालकांनी तो नीट बघितलासुद्धा नाही.

“आजच्या दिवशी चोरी करतोस? देशाच्या नावानं जाणारा माल?”

“मालक, त्यो फडका हाय कामाचा,” अण्णा म्हणाले.

मालकांनी पुढे होऊन अण्णांच्या खिशाला टाचणीने लावलेला कागदी झेंडा उपटून घेतला. “हे लावायची लायकी न्हाय तुजी.” एवढं बोलून ते मोटारीत बसले. टाचणीने खिसा फाटला होता, तो अण्णा हाताने धरून उभे राहिले. शंभरेक माणसं बघत होती. आई बघत होती. मी बघत होतो आणि मी काहीच केलं नाही.

चार दिवसांनी तो टॉवेल दुसऱ्या गठ्ठ्यात सापडला, हे शरणप्पामामांनी घरी येऊन सांगितलं. मालकांकडून निरोप आला नाही. अण्णा परत त्या शेडमध्ये गेले नाहीत, अक्कलकोट रोडवर दुसऱ्या ठिकाणी लागले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र तो कधीच सोडला नाही.

परदेशात माणूस देश जास्त जपतो, हे माझ्यासारख्या गेलेल्यांना सांगायला नको. शारजात एका खोलीत आम्ही आठ जण. कुणी केरळचा, कुणी बिहारचा, कुणी तेलंगणचा, आणि मी. गावाकडे एकमेकांची जात विचारल्याशिवाय पाणी प्यालो नसतो, असे आम्ही सगळे पंधरा ऑगस्टला एका रंगाचे शर्ट घालून शेवया खायचो. मॅच असली की टीव्हीसमोर चपला काढून बसायचो. एका हॉटेलात पाहुणा म्हणून गेलो असताना टॉवेल उलटा करून लेबल बघितलं, ‘मेड इन इंडिया’ होतं, तर आईला फोन करून सांगितलं. तिला वाटलं काहीतरी झालंय. असा मी देशप्रेमी. आणि त्याच छातीत मालकांचा सूड पाळत होतो. त्यांचा कारखाना जळाला, त्यांना लकवा झाला, ते माझ्या दारात नोकरी मागायला आले, असं मी जेवताना, बसमध्ये, वजनकाट्यासमोर उभा असताना मनात रंगवायचो. पुढे लग्न झालं, पण बायकोला हे कधी सांगितलं नाही. तिला मी सज्जन माणूस वाटायचो.

हळूहळू मी हॉटेलांना कपडा पुरवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर झालो. माझ्या सहीशिवाय माल आत जात नसे. आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी कार्टनवर मालकांच्या फर्मचं नाव दिसलं. पहिलाच लॉट होता. पास झाला असता तर वर्षभराची ऑर्डर लागणार होती. मी ते नाव बोटाने पुसून बघितलं, खरंच तेच आहे ना म्हणून.

मी सगळ्या टेस्ट नियमाने केल्या. वजन बरोबर, कडेची शिलाई सरळ, धुऊन काढला तरी आटला नाही. इतका चांगला माल बघून मला आणखी राग आला. माणूस इतका हलका आणि त्याच्या नावावर इतका सुंदर कपडा. मग तपासायला काढलेले बारा टॉवेल पुढे ओढले आणि सुई घेतली.

आमच्या गोऱ्या साहेबाने फोटो बघितले, टॉवेलवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “इंडिया असाच. सँपल एक पाठवतात, लॉट दुसराच.”

इथे मी गप्प बसू शकलो असतो. मी मान हलवली. वर म्हणालो, “तिकडे असंच चालतं, सर.”

ऑर्डर दुसऱ्या देशाला गेली. मालकांचा माल परत गेला. त्या आठवड्यात मी घरी फोन केला आणि अण्णांना सगळं सांगितलं, सुईसकट. फाटक्या खिशाचा हिशेब चुकता केला असं मला वाटत होतं, आणि अण्णांनी एकदा तरी हसावं एवढीच अपेक्षा होती.

अण्णांनी विचारलं, “माल कसा हुता?”

“एक नंबर होता.”

अण्णांनी फोन आईच्या हातात दिला. मग आईचा आवाज आला, “अण्णा झोपलेत.” भारतात तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. त्यानंतर मी दुपारी केला, संध्याकाळी केला, रविवारी केला. दर वेळी अण्णा झोपलेले.

पुढच्या सुट्टीत घरी आलो. नवी पेठेतून अण्णांसाठी चांगलं धोतर घेतलं होतं, ते त्यांनी उघडलंही नाही. आई चुलीपुढून उठून गेली, आणि अण्णा भिंतीला टेकून, माझ्याकडे न बघता बोलायला लागले. आयुष्यात एका दमात ते इतकं बोललेले मला आठवत नाही.

“त्यानं चांगल्या माणसाला चोर म्हणलं. तू चांगल्या मालाला खोटा म्हणलास. आता तुमा दोगात फरक काय, ते मला सांग.”

“अण्णा, मी तुमच्यासाठी…”

“माझ्यासाटी न्हाय. मी सांगितलं हुतं का? माझा खिसा तुझ्या आईनं त्याच दिवशी शिवला.” मग म्हणाले, “त्या आर्डरीवरचं चार माग बंद झालं. शरणप्पा त्याच्यातल्याच एकावर हुता. दुधनीला गेला त्यो.”

मी म्हणालो, मालकांकडे जातो, पाय धरतो. अण्णा पहिल्यांदा माझ्याकडे वळले. “मालकाचे कशाला? माल मालकाचा असतोय व्हय? माल इणणाऱ्याचा. आन् आदी तुझ्या सायबाला लिव. देशाला बोल लावून आलायस तू, त्यो तसाच ठिवू नगंस.”

त्याच दिवशी मी साहेबाला मेल लिहिला. लूप मी ओढले, माल चांगला होता, तिकडे असं चालत नाही, ते मी चालवलं. तीन ओळींत उत्तर आलं. नोकरी गेली. ऑर्डर परत आली नाही, येणारही नव्हती. आज मी पुण्याजवळ एका गोदामात आहे, पगार निम्मा आहे आणि बायकोला आता सगळं माहीत आहे. ती माझ्याशी नीट बोलते, पण आधीसारखी नाही.

मालकांना मी आजही माफ केलेलं नाही. ते आता काठी टेकत चालतात असं ऐकलं, तेव्हा माझ्या पोटात बारीकसा आनंद झाला आणि तो मी लपवणार नाही. त्यांनी अण्णांची माफी मागितली नाही, मागणार नाहीत. तो राग माझ्याबरोबर जाईल. पण तो राग घेऊन मी चुकीच्या दारावर दगड मारला, हे कळायला मला त्याच सुट्टीत दुधनीला जावं लागलं.

“तुम्ही पण चला,” असं मी अण्णांना म्हटलं होतं. ते म्हणाले, “मी आलो तर माझ्या तोंडाकडं बगून माफ करील त्यो. तू एकलाच जा.”

शरणप्पामामा एका आडत दुकानात पोत्यांची तोंडं शिवत बसले होते. तुरीचा हंगाम होता, दुकानात पाच-सहा हमाल आणि काही शेतकरी होते. मामांनी जाड भिंगांचा चष्मा लावला होता, दोन्ही काड्यांना दोरी बांधून. मला ओळखून ते मोठ्याने हसले. “अरे तम्मा, शारजाचा सायब आला की. बस, बस. ए, चहा सांग रे.”

मी काही बोलायच्या आत त्यांनीच सुरू केलं.

“तुला सांगतो, माझं डोळं गेलं बग. मालकानं फोटो दावलं मला. सगळे लूप बाहीर आल्याले. माझ्याच मागावरचा माल, मागाचा नंबर हुता त्याच्यावर. मी म्हणलं असं कसं हुईल. आठ दिस माग उघडून बसलो, काय सापडंना. मग म्हणलं माग चांगला हाय, तर माणूस बिगाडला असंल. सोलापुरात डाक्टरला दावलं, त्यो म्हणतोय डोळं बरं हायत, नुसता वयाचा नंबर हाय. पर मला काय पटंना. अंधळ्यानं मागावर बसू नये. दुसऱ्या कारखान्यानं बोलावलं हुतं, मीच गेलो न्हाय. देशाचं नाव घालवलं म्हणालं मालक. तीस वर्सं इणून शेवटाला हे.”

हमालातला एक जण म्हणाला, “मामा पोतं पण वाकडं शिवतंय आता.” सगळे हसले. मामाही हसले.

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला. इतकी वर्षं घर म्हणजे मला ते फाटक वाटत होतं, जिथे अण्णांना उभं केलं आणि जिथे मला कधीतरी परत जाऊन जिंकायचं होतं. त्या दुकानात कळलं की तिथे फाटकाबाहेर आणखी एक माणूस उभा आहे आणि त्याला मी उभं केलंय. आता घर म्हणजे मला ते ठिकाण, जिथल्या माणसांना मला माझी करणी तोंडावर सांगता येईल. दुसरं काही उरलेलं नाही.

मी खाली पोत्याशेजारी बसलो आणि हळू आवाजात म्हणालो, “मामा, ते लूप मी ओढले. सुईनं. मालकावर राग होता म्हणून.”

मामांची सुई पोत्यात तशीच राहिली. ते माझ्या हातांकडे बघायला लागले. मग त्यांनी विचारलं, “किती?”

“बारा टॉवेल.”

“एकेक करून?”

“हो.”

त्यांनी चष्मा काढला, धोतराने पुसला आणि परत घातला. त्यांनी मला शिवी दिली नाही, मारलं नाही. एवढंच म्हणाले, “उबा ऱ्हा. आन् मोट्यानं सांग. ह्या समद्यांना वाटतंय माझं डोळं गेल्यात.”

मी उभा राहिलो. दुकानातली माणसं काटा सोडून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, “मी दत्ता, ह्यांच्या दोस्ताचा मुलगा. ह्यांच्या डोळ्यांत काही दोष नाही आणि हातात तर नाहीच. माल चांगला होता. तो मी माझ्या हातानं खराब केला आणि नाव ह्यांचं घालवलं. माझं चुकलं. मामा, मला माफ करा.”