मंगल कुणाचंही प्रतीक नव्हती

शालन गेली, हे मला शोकसभेच्या निमंत्रणातून कळलं. "परवा कोल्हापुरात सभा आहे, तुम्ही त्यांच्या मैत्रीण, पाच मिनिटं बोला," असं फोनवरचा माणूस म्हणाला. मग त्यानं मुख्य वक्त्याचं नाव सांगितलं, आणि रडू येण्याआधी मला संताप आला.

शालन गडहिंग्लजची, कथा लिहायची. तिची धाकटी बहीण मंगल हिरण्यकेशी नदीत बुडाली, तेव्हा काठावर तिची एक चप्पल तेवढी सापडली होती. पुष्कळ वर्षांनी शालननं त्यावर कथा लिहिली. ती गाजली, आणि एका चर्चासत्रात याच वक्त्यांनी, एका प्राध्यापकांनी, ती फाडायला घेतली. चप्पल म्हणजे स्त्रीचा खुंटलेला प्रवास, नदी म्हणजे परंपरा आणि मंगल ही मुलगी नव्हेच, लेखिकेचं दडपलेलं मन. पहिल्या रांगेत शालनची आई, आक्का, बसल्या होत्या. त्यांनी लेकीला मोठ्यानं विचारलं, "माझी मंगल न्हवतीच म्हणतोय व्हय ह्यो?"

काहीजण हसले. शालन उठून म्हणाली, "सर, ती माझी बहीण होती. चप्पल तिचीच होती."

"लेखकाला स्वतःची प्रतीकं कळतातच असं नाही," प्राध्यापक म्हणाले, आणि टाळ्या घेऊन बसले.

मीही मराठी शिकवते, त्यामुळे हा रोग कुठून येतो ते मला ठाऊक आहे. 'प्रतीक ओळखा' म्हणून आम्ही गुण देतो. गोष्ट वाचून ज्याला त्यातलं माणूस आठवत राहतं, त्याला द्यायला आमच्याकडे काही नसतं. मेलेल्या पोरीपुढे दोन मिनिटं गप्प बसवत नाही, म्हणून ही माणसं अर्थ शोधत सुटतात.

शोकसभेतही त्या प्राध्यापकांचं तेच. "त्या कथेनंतरचं शालनताईंचं मौन हेच एक प्रतीक होतं..." मी जागेवरूनच म्हणाले, "मौन नव्हतं. ती आजारी होती." आणि उठून निघून आले.

मागच्या आठवड्यात गडहिंग्लजला गेले. आक्का शालनच्या खाटेवर बसल्या होत्या. शालन लिहिलेलं आधी आईला वाचून दाखवायची, हे मला त्या दिवशी कळलं. टेबलावर एक अर्धी कथा होती, पुन्हा मंगलचीच.

"वाच की," आक्का म्हणाल्या.

मी वाचू लागले. मंगल भाकरीचा पापुद्रा आधी खाते, असं एक वाक्य आलं. आक्कांनी हात वर केला.

"आधी न्हवं. शेवटाला ठेवायची."

मी शालनचं पेन घेतलं आणि ते वाक्य दुरुस्त केलं.