पेटीची गादी

तमाम भाविकांना, त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांना आणि खारीगावापासून पेणकरपाड्यापर्यंतच्या सर्व कानसेनांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, भाईंदर पूर्वेच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत राज्यक्रांती झाली आणि पदच्युत झालेला राजा मी होतो.

वीस वर्षं रविवारच्या उपासनेत पेटी मी वाजवली. इंद्रलोक नावाच्या वस्तीत भाड्याच्या हॉलमध्ये आमची उपासना भरते. कोपऱ्यात पेटी, पेटीमागे चौकोनी गादी, गादीवर मी. मी सूर धरल्याशिवाय मंडळी तोंड उघडत नसे. मग पाळकसाहेबांचा जावई पेणकरपाड्यात राहायला आला, आणि त्याच्यासोबत त्याचा कीबोर्ड.

पाळकसाहेबांनी मला चहा पाजला. "बंधू, आता तुम्ही निवांत बसायचं. पेटी घरी न्या. आणि एक विनंती, त्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. देवाचीच इच्छा समजा."

देवाची इच्छा सासऱ्याच्या तोंडून जावयाच्या बाजूने निघाली, की मला ती ओळखायला जरा वेळ लागतो. "बरं," म्हणालो. चहा मात्र दोन कप प्यायलो.

आठवडाभर मी सूड शिजवला. मंद आचेवर, झाकण ठेवून. इतकं सुख मला पेटीनेही दिलं नव्हतं. कीबोर्डवर पट्टी वर-खाली सरकवायचं एक बटण असतं. ते दाबलं की बोटं नेहमीच्याच जागी पडतात, आवाज मात्र भलत्याच उंचीवरून येतो. दोन कडव्यांत मंडळीचे घसे बसतील आणि लोक म्हणतील, पेटीवाल्या बंधूंना परत बोलवा.

रविवारी निघताना बायको म्हणाली, "अहो, एवढे हसताय कशाला? प्रार्थनेला चाललोय ना?"

"आनंदाने जावं म्हणतात."

"तुमचा आनंद ओळखून आहे मी. काय करणार आहात?"

इतका सुंदर बेत एकट्याला पेलवेना. सांगून टाकला.

"पाळकसाहेबांनी हात लावू नका म्हटलंय ना?"

"हात कुठे लावतोय? बोट लावणार आहे."

जावईबापू कीबोर्ड चालू करून पाणी प्यायला गेले. मी बोट लावलं. पाच वेळा.

पहिल्या गीताची पहिली ओळ बायकांनी कशीबशी गाठली. दुसऱ्या ओळीला गळ्याच्या शिरा फुगल्या. तिसरीला पुरुष गप्प झाले आणि उरलं ते गाणं नव्हतं, नुसतं बें-बें. जावईबापू घामाघूम, पण देवाचं गीत मध्येच थांबवायची हिंमत कुठून आणणार? पाचही कडवी झाली. मी मागच्या खुर्चीत डोळे मिटून, भक्तिभावाने, एकेक कडवं चाखलं. पुढच्या बाई मागे वळून कुजबुजल्या, "बंधू, पेटीच बरी होती हो." गादी हातभर अंतरावर आली.

मग संदेश. विषय शौल राजाचा. मी सावरून बसलो. शौलाची गादी दावीदाला मिळते, आणि मनात मी दावीदच होतो, सोसणारा आणि छान वाजवणारा. पण पाळकसाहेबांनी गोष्ट काढली ती राजाच्या आज्ञाभंगाची. शत्रूची गुरंढोरं ठेवायची नाहीत, हा देवाचा हुकूम. राजाने धष्टपुष्ट मेंढरं बाजूला काढली आणि वर सांगितलं, देवासाठीच ठेवलीत.

"देवाला तुमची सेवा आधी नको," पाळकसाहेब म्हणाले, "सांगितलेलं ऐकणं आधी हवं. राजाने पळवाट काढली, तिथेच त्याची गादी गेली."

माझ्या खुर्चीचा पाय करकरला.

पाळकसाहेबांनी आवाज चढवला. शौलाला जाब विचारणाऱ्या संदेष्ट्याच्या थाटात हात उगारून नेमकं आमच्या दिशेला बोट रोखलं. "सगळं पाळलं म्हणतोस ना, राजा? मग मघापासून मेंढरं का ओरडतायत?"

माझी बायको, जिने वीस वर्षांत उपासनेत कधी चकार शब्द काढला नव्हता, ताडकन उभी राहिली.

"यांनी बटण दाबलं, पाळकसाहेब."